दोन वाजताचं पाणी

१२ एप्रिल १९८७, रविवार

कट्ट-कड, कड-कट्ट. आज पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या तो आवाज पुन्हा ऐकला. तुमसरच्या तार ऑफिसात तारेचे ठोके वाजवणाऱ्या साउंडरच्या पाठीमागे आम्ही बिस्किटाचा पत्र्याचा डबा उभा करून ठेवत असू, म्हणजे आवाज मोठा येई. बाजारातल्या धानाच्या बैलगाड्या, हमालांची आरडाओरड, या सगळ्यातून तो डबा बोलत राही आणि माझं पेन्सिल धरलेलं बोट आपोआप चाले. सदतीस वर्षं मी त्या डब्यासमोर बसलो. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी कानातला डबा काही निवृत्त झाला नाही.

उठून पाहतो तर चुलीत लाकूड तडतडत होतं, बस्स.

चहा प्यायला बसलो आणि बशीखाली वर्तमानपत्राचा एक तुकडा दिसला. बायकोनं, मनकर्णेनं, बशी पुसायला घेतला असेल. त्यात नेमकी जाहिरात. तुमसर रोडजवळ धानाच्या कोंड्यातून तेल काढणारा नवा कारखाना निघाला आहे, श्रीनिकेत सॉल्वंट. त्यांच्या कॉम्प्युटर खोलीसाठी आणि नागपूरच्या ऑफिसशी जोडलेल्या टेलिफोन लाइनच्या देखभालीसाठी एक सहायक हवा. शेवटी बारीक अक्षरात: ‘तार खात्यातील निवृत्तांचाही विचार होईल.’

योगायोग कसा असतो पाहा. तुकडा अगदी नीट कात्रीनं कापल्यासारखा होता, आणि घडी अशी पडली होती की ती ओळ नेमकी वर आली होती.

मनकर्णेला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “या वयात मशीन शिकता का जी? चष्मा कुठं ठेवला ते सापडत नाही तुमाले.”

खरंच आहे.

१३ एप्रिल, सोमवार

अर्ज लिहिला. अक्षर चांगलं आलं. पाकिटावर पत्ता लिहिला, तिकीट लावलं आणि मग लाज वाटली. एकसष्ट वर्षांचा माणूस नोकरी मागतो, लोक काय म्हणतील? पाकीट टेबलाच्या खणात टाकलं. राहू दे.

१९ एप्रिल, रविवार

टेकचंदचं भिलाईहून पत्र आलं. लेक गुणी आहे. लिहितो, ‘बाबूजी, आता तुम्ही दोघांनी तिथं एकटं राहायचं काही कारण नाही. क्वार्टरमध्ये जागा आहे. जूनच्या पहिल्या रविवारी येतो आणि घेऊन जातो. नोकरीचाकरी असती तर गोष्ट वेगळी.’

शेवटचं वाक्य बाणासारखं लागलं. त्यानं लावायला लिहिलं नसेल, पण लागलं. मी म्हणजे आता एक ट्रंक. न्यायची आणि कोपऱ्यात ठेवायची. भिलाईच्या क्वार्टरच्या खिडकीतून समोर दुसऱ्या क्वार्टरची खिडकी दिसते. मागे पंधरा दिवस राहिलो होतो, तेव्हा त्या खिडकीतल्या टॉवेलाची माझ्याशी ओळख झाली होती.

मनकर्णेला मात्र जायची ओढ असणार. तिथं नळ घरात आहे, फरशी गुळगुळीत आहे. पत्र वाचून दाखवत होतो तोच ती उठली. आनंदानं बसवलं नसेल. लगेच विहिरीच्या राहाटाला नवा दोर आणायला बाजारात गेली.

४ मे, सोमवार

भलतंच झालं! कारखान्याचं पत्र आलं. वीस तारखेला, बुधवारी, सकाळी अकराला मुलाखत. मूळ प्रमाणपत्रं घेऊन यावं.

पण अर्ज तर मी पाठवलाच नव्हता! खण उघडून पाहिला, पाकीट नाही. मग मीच कधीतरी पेटीत टाकलं असावं. स्मरणशक्तीचं हे असं झालं आहे. शाळेत चौथीला पाठ केलेल्या कविता अजून एका दमात म्हणतो, सगळे चरण, मधल्या विरामांसकट. आणि पाकीट कधी टाकलं ते आठवत नाही. मनकर्णेला विचारलं, “म्या पत्र टाकलं का गं पेटीत?”

“मले का माहीत? मी का पोस्टमास्तरीण हावो?” आणि पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. तिला खोकला झाला असेल. काढा घ्यायला सांगितलं पाहिजे.

८ मे, शुक्रवार

हायस्कूलचे विज्ञानाचे मास्तर भय्याजी यांच्याकडून कॉम्प्युटरचं पुस्तक आणलं. इंग्रजी आहे. भय्याजी म्हणाले, “वासुदेवराव, मीच अजून दहाव्या पानावर आहो. तुमी समोर गेले तर मले सांगजा.”

शब्द डोक्यात राहत नाहीत. रॅम, डिस्क, मोडेम. दुपारी ओसरीवर पेंगत असताना आमचे चौथीचे गुरुजी आठवले. पट्टीनं टेबलावर ताल धरायचे आणि म्हणायचे, “पोट्टेहो, जे गळ्यातून जाते ते डोक्यातून जात नाही.” पाढे, नद्या, राजे, सगळं त्यांनी आमच्याकडून गाऊन घेतलं. मग मीही अभंगाच्या चालीवर रचलं:

जोवरी ही वीज, रॅम सारे स्मरे।
वीज जाता विरे, स्वप्न जैसे॥
डिस्क मात्र भली, म्हातारीच्या परी।
जुने सारे उरी, धरी नित्य॥

झकास बसलं! संध्याकाळपर्यंत मोडेम आणि प्रिंटरवरही झालं. मनकर्णा कैऱ्या चिरत होती. म्हणाली, “म्हातारी कोणाले म्हटलं त्याच्यात?”

“डिस्कले.”

“मंग ठीक हाय.”

ती लोणच्याची मोठी बरणी भरते आहे. वर्षभर पुरेल अशी. भिलाईला नेताना बरणी फुटेल, तेल सांडेल, असं मी म्हटलं, तर माझ्याकडे पाहून नुसती हसली. बायकांना प्रवासाची कल्पना नसते.

१३ मे, बुधवार

मंगरू आला होता. मंगरू म्हणजे आमच्या तार ऑफिसचा लाइनमन. मी टेबलावर, तो खांबावर, अशी आमची तीस वर्षांची जोडी. आता सत्तरीला आला, तरी खांब दिसला की मान वर जाते. मुलाखतीचं ऐकून मांडीवर थाप मारली.

“बाबू, त्याइले सांगा का देव्हाडीच्या फाटकापासून एकेका खांबाचं नाव मले माहीत हाय!”

“खांबाले नाव असते का रे?”

“असते ना! एक लंगडा, एक मधमाश्याचा, एक तुमच्यावाला.”

“माझ्यावाला कोणता?”

“तुमी एकडाव सायकल घेऊन धडकले होते तो. कविता म्हणत जाऊन राहिले होते.”

मनकर्णा इतकी हसली की पन्ह्याचा पेला कलंडला.

मग जुन्या गोष्टी निघाल्या. आमच्या काळी तार एकच असायची. परतीची वाट जमिनीतून. ऑफिसच्या मागं खड्ड्यात कोळसा-मीठ घालून लोखंडी पत्रा पुरलेला, त्याला आम्ही ‘अर्थ’ म्हणत असू. उन्हाळ्यात माती वाळली की साउंडर कण्हायला लागे. म्हणून वैशाखात रोज दुपारी दोनच्या ठोक्याला मंगरू त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतायचा; तो खांबावर असला तर मी. पाचच मिनिटांत डबा पुन्हा खणखणीत. मंगरू म्हणे, “धरतीमायले तहान लागली का तार मुकी होते बाबू.” सदतीस वर्षांत मी बदलीवर, रजेवर, कुठंही असो, दुपारचे दोन वाजले की हात बादलीकडे वळायचा.

काय ते दिवस! पण आता हे सांगून काय उपयोग? पुस्तकात हजार आकडे एका क्षणात लक्षात ठेवणाऱ्या मशीनचं वर्णन आहे. इतक्या शहाण्या मशीनला मातीचं काय देणंघेणं? मंगरूला बजावलं, आणि स्वतःलाही बजावलं, की मुलाखतीत जुन्या गोष्टींचा एक शब्द काढायचा नाही.

१७ मे, रविवार

आज मन खट्टू आहे. खरं सांगायचं तर भीती वाटते. नापास होण्याची भीती नाही. आयुष्यात तेही केलं आहे. पण ही नोकरी नाही मिळाली तर सात जूनला टेकचंद येईल आणि या घराला कुलूप लागेल. पारिजातकाखाली बसून कविता म्हणता येणार नाही, मंगरू येणार नाही, आणि मी त्या टॉवेलाकडे पाहत बसेन. मनकर्णेपुढे हे बोलता येत नाही. तिचं मन मोडायला नको. ती कधीची अंगणात उकिडवी बसून वांग्याच्या रोपांसाठी वाफे करते आहे. हातांना चाळा हवा म्हणून करत असेल, दुसरं काय. जूनमध्ये लावायच्या रोपांची वांगी कोण खाणार?

२० मे, बुधवार

बारीकसारीक सगळं लिहून ठेवतो. पुन्हा असं काही घडायचं नाही.

सकाळी मनकर्णेनं धोतर-सदरा काढून दिला. कालच खळ घालून इस्त्री केलेला होता. कोटाची तुटलेली गुंडीही लावलेली. मी म्हटलं, “तुले कसं आठवलं?” ती म्हणाली, “नेमकं नेमकं बोला तिकडं. पारिजातकाखालच्या कविता म्हणू नका.” दह्याची वाटी हातावर ठेवली.

सायकलनं साडेदहाला पोहोचलो. कोंड्याचा आंबूस, गोडसर वास साऱ्या रस्त्याला. आम्ही पाच उमेदवार. बाकीचे चार माझ्या नातवांच्या वयाचे. त्यातला तेजराम नावाचा मुलगा भंडाऱ्याचा, डिप्लोमा झालेला, गळ्यात टाय. उन्हानं लाल झाला होता. मी म्हटलं, “बाबा, ते गळ्यातलं ढिलं कर, नाही तर मुलाखतीच्या आधीच जाशील.” तो हसला, ढिलं केलं. मग मला म्हणाला, “काकाजी, तुमी कोणाले घेऊन आले?” मी म्हटलं, “मलेच घेऊन आलो.”

अकराचे बारा झाले, बाराचा एक. नागपूरचे साहेब मशीनपाशी अडकले आहेत असं कळलं. आम्हाला कॉम्प्युटर खोलीच्या मागच्या टिनाच्या शेडमध्ये बसवलं होतं. भिंतीतून यंत्राची गुरगुर येत होती. एका बाजूला पाण्याचा ड्रम, शेजारी बादली. भिंतीला लागून सिमेंटची एक चौकट आणि तिच्यात एक नळी उभी. पाहताक्षणी ओळखलं. अर्थचा खड्डा! माती वाळून तिला बोट जाईल अशा भेगा, मुंग्यांनी वारूळ केलेलं. नळीच्या तोंडात कुणी विडीचं थोटूक टाकलेलं. पाहून इतकं वाईट वाटलं की काय सांगू. आपल्या ओळखीच्या माणसाला परगावी उपाशी बसलेलं पाहावं तसं.

आणि तेवढ्यात कारखान्याची घंटा झाली. दोन.

मी काही ठरवून केलं नाही, हे इथं प्रामाणिकपणे लिहितो. हात बादलीकडे गेला. ड्रममधून भरली, थोटूक काढलं, नळीत ओतली. चर्रर्र असा आवाज आला, तव्यावर पाणी पडल्यासारखा. दुसरी भरली. तीही ओतली. तोंडातून आपोआप “धरतीमाय, पी” असं निघालं.

“ओ काकाजी! काय करून राहिले?” चौकीदार सोमाजी काठी आपटत धावत आला. “पिण्याचं पाणी हाय ते! टँकर दोन दिसांतून एकडाव येते! अन् तुमी मुंग्याइले पाजून राहिले?”

चारही पोरं पाहत होती. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी म्हटलं, “चुकलं माझं. सवयीनं झालं.”

“पाणी फेकाची सवय हाय का तुमाले?”

त्यानं रजिस्टर आणलं, त्यात तक्रार लिहिली आणि सही मागितली. सरकारी नोकरी केलेला माणूस मी. सहीखाली पूर्ण नाव, पत्ता, तारीख, वेळ, सगळं लिहून दिलं: दुपारी २ वाजून ४ मिनिटे, पाणी दोन बादल्या.

अडीच वाजता बोलावणं आलं. टेबलाच्या पलीकडे कारखान्याचे मॅनेजर यादोराव, भरदार मिशीचे. आणि नागपूरचे इंजिनीअर खानझोडे साहेब, तिशीचे, नाकावर माशी बसू न देणारे.

खानझोडे साहेबांनी पहिलाच प्रश्न टाकला, “रॅम म्हणजे काय?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि सगळा अभंग बाहेर पडला. चालीवर! ‘स्वप्न जैसे’ला मी हातही केला. यादोराव इतके हसले की मिशी थरथरली. साहेब हसले नाहीत. म्हणाले, “म्हणजे वीज गेली की काय जातं आणि काय राहतं, एवढं तुम्हाला माहीत आहे.” हा टोमणा असावा.

“मोडेम?”

त्या प्रश्नावर रचलेलं आठवेना. घाबरून म्हटलं, “साहेब, मोडेम म्हणजे तारबाबू. इकडचं बोलणं खुणांमध्ये करून लाइनीवर टाकते, अन् तिकडचा बाबू त्याचं पुन्हा बोलणं करते. त्याले पगार नाही, एवढाच फरक.”

ते काहीतरी लिहू लागले. बराच वेळ लिहिलं. ‘उद्धट’ असं लिहिलं असेल.

“प्रिंटर अचानक बंद पडला, तर आधी काय कराल?”

“आधी पाहीन कोणाचा पाय वायरीवर पडला का.”

पुन्हा लिहिलं.

एवढ्यात शिपाई आत आला आणि साहेबांच्या कानाला लागला. साहेब घड्याळात पाहून ताडकन उठले, बाहेर गेले. यादोराव मला म्हणाले, “रोज दोन वाजता आमचं मशीन मान टाकते जी. नागपूरले आकडे पाठवाले माणूस रेल्वेनं धाडा लागते. दोन महिने झाले. कंपनीचे तीन लोक येऊन गेले, कोणाले उमगलं नाही. आज पावणेतीन झाले तरी चालूनच राहिलं. तुमचा पायगुण चांगला दिसते!”

मला बरं वाटावं म्हणून बोलले. भला माणूस.

साहेब परत आले, पण लक्ष नव्हतं. दोनदा उठून भिंतीपलीकडे जाऊन आले. दर पाच मिनिटांनी घड्याळ. माझी मुलाखत लवकर आटपावी असं त्यांना वाटत होतं हे स्पष्ट दिसत होतं. शेवटी म्हणाले, “तुमच्या अनुभवातलं आणखी काही सांगायचं आहे?”

क्षणभर जिभेवर आलं. बाहेरच्या चौकटीबद्दल बोलावं, माती भेगाळली आहे म्हणावं. पण तेच जर सांगितलं, तर पाण्याची गोष्ट निघणार, रजिस्टर निघणार. मी म्हटलं, “नाही साहेब. जुन्या गोष्टी आहेत, तुमच्या कामाच्या नाहीत.”

नमस्कार करून निघालो. येताना दोन ठिकाणी सायकलवरून उतरून चाललो.

२१ मे, गुरुवार

मनकर्णेला सगळं सांगितलं, पाण्यासकट. वाटलं, हसेल. ती हसली नाही. म्हणाली, “दोन बादल्या पाणीच ना? का सोनं ओतलं?” आणि मग बराच वेळ पाट्यावर चटणी वाटत बसली, गरजेपेक्षा जास्त.

मी म्हटलं, “आता भिलाईची तयारी कर. मुलाखत गेली.”

“करतो,” म्हणाली. केली मात्र काही नाही.

२६ मे, मंगळवार

बाजारात तेजराम भेटला. टाय नव्हता, ओळखूच आला नाही. त्यानंच वाकून नमस्कार केला.

मी म्हटलं, “नोकरी लागली का, बाबा?”

“कायची लागते काकाजी! मले विचारलं, मशीन दोन वाजता काहून बंद पडते? म्या पुस्तकातलं सगळं सांगितलं. साहेब म्हणे, हे तर कंपनीवाल्यानंही सांगतलं.” मग म्हणाला, “अन् ऐका, आपल्या मुलाखतीच्या दिवशी ते मशीन साडेपाचपर्यंत चाललं म्हणते. दुसऱ्या दिवशीपासून पुन्हा दोन वाजता बंद! साहेब डोकं धरून बसले.”

बिचारं मशीन. एखाद्या दिवशी त्यालाही माणसांची वर्दळ, पोरांचं बोलणं बरं वाटलं असेल. मला वाटतं, यंत्रांनाही सोबत लागते. यावर एक कडवं सुचलं होतं, पण भाजी घेताना विसरलो.

तेजरामला घरी आणून लोणच्याची फोड दिली. मनकर्णा त्याच्याकडून मशीनची हकीकत दोनदा खोदून खोदून ऐकत होती. कोणत्या दिवशी चाललं, कितीला, मग कधी बंद पडलं. तिला कॉम्प्युटरमध्ये इतका रस असेल असं मला वाटलं नव्हतं.

२८ मे, गुरुवार

आज मनकर्णा शेजारच्या शकुनबाईबरोबर तुमसर रोडला कुणाच्या तरी बारशाला गेली होती. उन्हात कुणी बारसं ठेवतं का? चार वाजता परतली, घामाघूम, पण चेहरा खुलला होता. बारशाच्या घुगऱ्या आणल्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाली, “गर्दी होती.”

मी म्हटलं, “पोराचं नाव काय ठेवलं?”

थोडा विचार करून म्हणाली, “सोमाजी.”

हल्ली असं जुनं नाव कोण ठेवतं! पण बरं वाटलं.

३१ मे, रविवार

पुढच्या रविवारी टेकचंद येणार. आज मी स्वतःच ट्रंक काढली, झटकली. वह्या आत ठेवायला घेतल्या. १९५८ची दैनंदिनी उघडली आणि तिथंच बसलो. त्यात एका ओळीत लिहिलं आहे, ‘आज लाइन स्वच्छ. दिवसभर एकही शब्द पुन्हा विचारावा लागला नाही.’ असा दिवस आयुष्यात पुन्हा यावा असं फार वाटतं. भिलाईत तो कुठून येणार?

मनकर्णेनं आजही काही बांधलेलं नाही. उलट वांग्याच्या वाफ्यांना पाणी घातलं आणि मघापासून तीनदा दारात जाऊन रस्ता पाहून आली. जेवताना म्हटलं, “तुले जायाचं नाही का गं?” तर म्हणाली, “वाढू का अजून भात?”

जेवण झालं, म्हणून हे लिहायला बसलो. सव्वादोन वाजले असतील. रस्ता सामसूम. बाहेर जीप थांबल्याचा आवाज येतो आहे. समोरच्या राइस मिलवाल्यांकडे कुणी आलं असेल.

नाही, आपलीच कडी वाजली. मनकर्णा दाराकडे गेली. मी आतल्या खोलीत आहे. आवाज ऐकू येतो आहे, आणि हात सवयीनं चालतो आहे. तारबाबू होतो, कानावर पडेल ते उतरवतो.

“वासुदेवराव कापगते इथंच राहतात का?”

“राहते. आपण?”

“मी खानझोडे. कारखान्यातून आलोय. आमच्या चौकीदारानं काल रजिस्टर दाखवलं. म्हणाला, कुणी बाई येऊन सांगून गेल्या की साहेबांना वीस तारखेचं पान दाखवा.”

अरे देवा! रजिस्टर! मी घरी नाही असं सांग म्हणावं, पण ओरडलो तर साहेबांनाही ऐकू जाईल. आणि ही बाई कोण, जिनं माझी तक्रार खास दाखवायला लावली? तुमसर रोडला माझं कुणाशी वैर नाही.

“मंग?” मनकर्णा विचारते आहे. “दोन बादल्या पाण्यापाई आले का? आमच्या हिरीले भरपूर हाय. चार घेऊन जा.”

“पाणी परत नकोय हो! काल त्याच नळीत, दोन वाजता, दोन बादल्या ओतल्या. मशीन संध्याकाळपर्यंत चाललं. आज सकाळी माती उकरून पाहिली, खाली कोळसा नाही, मीठ नाही, पट्टी गंजून तुटायला आलेली. दोन महिने आम्ही नागपूर-मुंबईचे इंजिनीअर बोलावतोय, आणि... काका आहेत का घरात? पँटवरच्या चिखलाकडे पाहू नका. ते नव्यानं कसं भरायचं ते विचारायचं आहे.”

“आहेत. पण थांबा.” तिचा हा आवाज मी बेचाळीस वर्षांत ऐकलेला नाही. भाजीवालीशी बोलतानाचा आहे, पण त्याहून वरचा. “मीठ-कोळशाचं ते सांगतीन मंग. पहिले हे सांगा, नोकरीचं काय ठरलं?”

“त्यासाठीच तर... म्हणजे हो. पत्र उद्या टाइप होईल. काकांनी हो म्हटलं तर.”

“त्याइले काय विचारता? ते कविता म्हणून दाखवतीन. मले विचारा. उद्या नाही, आत्ता लिहून द्या. कागद हाय, पेन हाय. वरती आजची तारीख टाका अन् खाली तुमची सही करा, बाप्पा. सहाच्या गाडीच्या डाकेनं भिलाईले पाठवाचं हाय.”